आधी कोण विकत होतं?

ऑनलाइन विक्री करणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचं नाव कुणी उचललं, त्याच नावाखाली भलताच माल विकायला काढला आणि मूळ विक्रेत्यानं कुठं दाद मागितली, की त्याला एक उत्तर हमखास ऐकावं लागतं. उद्योजकता शिबिरातले मार्गदर्शक ते देतात, ट्रेडमार्कचे अर्ज भरून देणारे एजंट देतात, आणि प्लॅटफॉर्मच्या मदतकक्षाकडून येणाऱ्या ईमेलचा सूरही फारसा वेगळा नसतो. ‘नोंदणी केली होती का? साडेचार हजारांत होणारं काम. ते केलं नाहीत, तर चूक तुमचीच.’

हे उत्तर व्यवहारी वाटतं म्हणून चटकन पटतं. माझ्या मते ते कायद्याच्या दृष्टीनं अर्धवट आणि न्यायाच्या दृष्टीनं उफराटं आहे. ज्याचं नाव गेलं त्यालाच ते जाब विचारतं; आणि ज्याच्या पेजवर हा प्रकार घडला, ज्यानं त्या विक्रीवर कमिशन घेतलं, त्याला एकही प्रश्न विचारत नाही. नोंदणी करूच नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. करावी, आणि लवकर करावी. माझा वाद आहे तो नोंदणी हीच हक्काची सुरुवात आणि तिथंच हक्काचा शेवट, या समजुतीशी.

‘नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही’ असं भारतीय कायदा कुठंच म्हणत नाही. आपला व्यापारचिन्ह कायदा १९९९ सालचा; तो अमलात आला १५ सप्टेंबर २००३ पासून. त्याच्या कलम २७ चं पहिलं पोटकलम सांगतं, की नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा लावता येणार नाही. लोकांना सहसा एवढंच सांगितलं जातं. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं, की स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क या कायद्यामुळं जराही कमी होत नाही. वकील ज्याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात तो हा हक्क. नावाला बाजारात पत असावी, समोरच्याच्या वागण्यानं गिऱ्हाइकाची फसगत होत असावी आणि त्यातून मूळ विक्रेत्याचं नुकसान झालेलं असावं किंवा होण्याची शक्यता असावी. या तीन गोष्टी दाखवता आल्या, तर प्रमाणपत्राशिवायही न्यायालय मनाई हुकूम देऊ शकतं.

कलम ३४ तर त्याहून पुढं जातं. समोरच्यानं नाव वापरायला सुरुवात करण्याआधीपासून आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीपासून जो ते नाव सातत्यानं वापरत आला आहे, त्याला नोंदणीधारक अडवू शकत नाही. कलम ३१ नोंदणीला पुरावा मानतं, पण प्रथमदर्शनी पुरावा. तो खोडून काढता येतो. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलव्या’चा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१५ साली निकाल लागला. दुसऱ्या विक्रेत्यानंही त्या नावाची नोंदणी मिळवलेली होती. तरीही न्यायालयानं कौल दिला तो आधीपासून त्या नावानं हलवा विकत आलेल्या घराण्याला. तत्त्व असं, की आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीधारकाच्या हक्काहून वरचढ असतो. देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं इतकं स्पष्ट सांगितलेलं असताना एखाद्या मसालेवाल्या बाईला ‘तुमचं काहीच चालणार नाही’ असं सांगून परत पाठवणं हा निव्वळ अन्याय आहे.

‘हे सगळं पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या दुकानांना लागू, दोन वर्षांच्या ऑनलाइन धंद्याची कसली पत?’ असाही एक आक्षेप असतो. त्याचं उत्तर २००४ सालच्या ‘सत्यम इन्फोवे’च्या निकालात आहे. ‘सिफी’ या नावावरून तो वाद झाला आणि डोमेन नावांनाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयानं त्यात मान्य केलं. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं, की पत सिद्ध करायला दीर्घकाळचा वापर आवश्यकच असतो असं नाही. विक्री किती झाली आणि जाहिरात किती झाली यावर ते अवलंबून असतं. ऑनलाइन विक्रेत्याची विक्री किती झाली, कोणत्या तारखेला झाली, कोणत्या पिनकोडवर माल गेला, याची नोंद कुणाकडे असते? प्लॅटफॉर्मकडे. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा तोच आहे.

आता साडेचार हजारांचा हिशेब. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी साडेचार हजार रुपये फी पडते, इतरांना नऊ हजार. पण ही फी एका वर्गाची आहे, आणि माल व सेवा मिळून वर्ग आहेत ४५. समजा, कुडाळजवळच्या एखाद्या गावातली बाई घरी केलेला मालवणी मसाला, कैरीचं लोणचं आणि कोकम सरबत एकाच नावानं विकते. मसाला वर्ग ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, सरबत ३२ मध्ये. झाले साडेतेरा हजार. विक्रीसेवेसाठी वर्ग ३५ घेतला, तर अठरा हजार. एजंटाचे पैसे वेगळे. मग परीक्षण अहवाल येतो, त्याला महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. तो टप्पा पार पडला की नाव जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि पुढचे चार महिने कुणीही त्याला विरोध नोंदवू शकतो. एखाद्या मोठ्या कंपनीनं विरोध नोंदवला, तर प्रकरण वर्षानुवर्षं चालतं आणि प्रत्येक टप्प्याला वकील लागतो. ज्या व्यवसायात महिन्याकाठी हातात काही हजार उरतात, त्याच्यासाठी ही रक्कम आणि हा वेळ किरकोळ नाही. ‘फक्त साडेचार हजार’ म्हणणाऱ्यांनी निदान पूर्ण आकडा सांगावा.

तरीही नोंदणी करावी असं मी म्हणतो, त्याची खरी कारणं एजंटांच्या जाहिरातींत क्वचितच सापडतात. सगळ्यात मोठं कारण कलम १३४. नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा आपण जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. पासिंग ऑफच्या दाव्याला ही सवलत नाही. तिथं प्रतिवादी जिथला आहे ते ठिकाण, किंवा दाव्याचं कारण जिथं घडलं ते ठिकाण, हाच सामान्य नियम. म्हणजे कुडाळच्या बाईचं नाव सुरतेतल्या कुणी उचललं, तर नोंदणी असताना ती आपल्या जिल्ह्यात दावा लावू शकते. नसेल तर फसवणूक आपल्या जिल्ह्यात कशी घडली हे आधी पटवून द्यावं लागतं. ऑनलाइन धंद्यात नाव उचलणारा बहुतेकदा शेकडो किलोमीटर लांब बसलेला असतो. त्यामुळं हा फरक जीवनमरणाचा ठरतो. शिवाय मंजूर झालेली नोंदणी अर्जाच्या तारखेपासून लागू धरली जाते, दहा वर्षं टिकते आणि पुन्हा पुन्हा नूतनीकरण करता येते. हे सगळं मोलाचं आहे. पण ज्याच्याकडे हे नाही त्याला चोरांच्या हवाली करावं, असा अर्थ यातून निघत नाही.

यात आणखी एक गाठ आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. ऑनलाइन विक्रीचे धडे देणारे लोक सांगतात, की नाव असं ठेवा जे शोधात वर येईल. गिऱ्हाईक ‘मालवणी मसाला’, ‘घरगुती लोणचं’, ‘गावरान तूप’ असं शोधतं, तर तेच शब्द नावात घाला. विक्रेते बिचारे तसं करतात. पण कलम ९ नेमक्या अशाच नावांना दार बंद करतं. मालाचा प्रकार, गुण, उगमस्थान सांगणारे शब्द एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत. ‘मालवणी’ सगळ्या मालवणचं आणि ‘घरगुती’ सगळ्या घरांचं. वापरानं त्या शब्दाला वेगळी ओळख मिळाल्याचं सिद्ध करता आलं तर अपवाद होतो, पण ते सिद्ध करणं महाकठीण. मुंबई उच्च न्यायालयातली ‘शादी डॉट कॉम’ची दोन प्रकरणं यासाठी पाहण्यासारखी आहेत. २०१४ मध्ये ‘शादीहीशादी डॉट कॉम’ या संकेतस्थळाविरुद्ध या कंपनीला मनाई हुकूम मिळाला. तिथं समोरच्यानं आपल्या पानांच्या मेटाटॅगमध्ये, म्हणजे शोधयंत्रानं वाचायच्या अदृश्य शब्दांत, तिचं नाव घालून तिच्याकडे येणारी गिऱ्हाइकं वळवल्याचं न्यायालयाला दिसलं. २०१६ मध्ये मात्र ‘सेकंड शादी डॉट कॉम’विरुद्धची मागणी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नाकारली, कारण ‘शादी’ हा शब्द सेवेचं वर्णन करणारा, सर्वांच्या वापरातला. कोट्यवधींची जाहिरात करणाऱ्या कंपनीला वर्णनपर शब्द राखता येत नाही, तिथं बचत गटाचं काय?

म्हणजे प्लॅटफॉर्मचा शोध ज्या नावांना वर आणतो, त्याच नावांना कायदा संरक्षण नाकारतो. कायद्याचं हे धोरण योग्यच आहे. ‘मालवणी’ हा शब्द कुणा एकाला बांधून दिला असता, तर मालवणातल्या बाकीच्या बायकांनी काय करायचं? दोष आहे तो शोधाच्या रचनेचा आणि ती रचना बिनबोभाट स्वीकारायला शिकवणाऱ्यांचा. नाव मालाशी संबंध नसलेलं, स्वतः घडवलेलं असावं. वर्णनाचे शब्द नावाच्या खाली, वर्णनाच्या जागी जावेत. हे सांगायला कुणी जादा पैसे मागत नाही, तरी शिबिरांत ते सांगितलं जात नाही.

भौगोलिक नावांचा प्रश्न थोडा वेगळा, पण इथं लागूनच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो हक्क उत्पादकांचा सामाईक असतो. कुणा एका दुकानाचा ब्रँड होऊ शकत नाही. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला आणि तो रास्त होता. पण रेक्झिनच्या चपला ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून रोज आपल्या मोबाइलवर विकल्या जातात, त्यावर तसा संताप दिसत नाही. त्या चपला चामडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या कारागिराच्या पोटावर मिलानइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, घाव घालतात. ‘कोल्हापुरी’ किंवा ‘रत्नागिरी हापूस’ या नावानं माल टाकणाऱ्याला अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक मागणं प्लॅटफॉर्मला एका चौकटीइतकं सोपं आहे.

आता प्लॅटफॉर्मच्या रचनेबद्दल. एका वस्तूचं एकच पेज आणि त्याखाली ‘इतर विक्रेते’, ही पद्धत मोबाइल किंवा पुस्तकासाठी ठीक आहे. तेच पुस्तक दहा जण विकत असतील, तर दहा पेज कशाला? पण स्वतःच्या नावानं स्वतः बनवलेली वस्तू विकणाऱ्या बाईसाठी ही रचना घातक आहे. तिचे फोटो, तिचं वर्णन, तिनं मिळवलेले स्टार आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय, या सगळ्याखाली कुणीही येऊन पाच रुपये कमी भावानं ‘तोच’ माल विकायला बसतो. आठवडी बाजारात तुमच्या पाटीखाली दुसऱ्याला बसवून कुणी गाळाभाडं घेतलं असतं, तर बाजार समितीला लोकांनी धारेवर धरलं असतं. गिऱ्हाइकाला जातो भेसळीचा मसाला. एक स्टारचा अभिप्राय पडतो मूळ विक्रेतीच्या नावावर.

‘व्ही ट्रॅडिशन’ या नावानं कपडे विकणाऱ्या एका व्यावसायिकाच्या बाबतीत फ्लिपकार्टवर असंच झालं आणि तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दिलेल्या आदेशात, दुसऱ्याच्या लिस्टिंगला असं चिकटून त्याचं नाव आणि फोटो वापरू देणं हे पासिंग ऑफच आहे असं म्हटलं आणि त्याच्या लिस्टिंगपुरती ती सोय बंद करायला सांगितली. मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. कारण न्यायालयानं चोर विक्रेत्याबरोबर प्लॅटफॉर्मनं बांधलेल्या दाराकडेही बोट दाखवलं. आणि तरीही तो आदेश एका माणसापुरता राहिला. ज्या विक्रेत्याला दिल्लीत वकील देणं परवडलं, त्याच्या पेजवरचं दार बंद झालं. बाकीच्यांची दारं उघडीच राहिली असतील, तर त्यांनी प्रत्येकानं उच्च न्यायालयात जायचं का?

प्लॅटफॉर्मची बाजू मांडणारे इथं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ कडे बोट दाखवतात. आम्ही केवळ मध्यस्थ. माल विक्रेत्याचा, जबाबदारी विक्रेत्याची. या युक्तिवादाला न्यायालयात आधार आहे हे मी नाकारत नाही. २०१८ मध्ये लुबुटाँ या बुटांच्या ब्रँडच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की गोदाम, पॅकिंग, बिल, जाहिरात यांत सक्रिय भाग घेणारं संकेतस्थळ निव्वळ मध्यस्थ राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये ॲमवेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं, कलम ७९ सक्रिय आणि निष्क्रिय मध्यस्थ असा भेदच करत नाही, अशी भूमिका घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल आणि अगरवाल पॅकर्स यांच्या वादात पुन्हा खंडपीठानंच सांगितलं, की दुसऱ्याचं नाव जाहिरातीसाठी कीवर्ड म्हणून विकणं हा चिन्हाचा ‘वापर’च आहे आणि गूगल तिथं निष्क्रिय नाही. मात्र गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नसेल, तर नुसता कीवर्ड म्हणजे उल्लंघन नव्हे, असंही त्यात स्पष्ट केलं. एकूणात कायदा अजून घडतो आहे.

मात्र कलम ७९ चं कवच दायित्वापुरतं आहे. नुकसानभरपाई कुणी द्यायची, एवढ्या प्रश्नाचं ते उत्तर देतं. दार नीट बांधायला ते कुणालाही मनाई करत नाही. मालाला गोदामात जागा द्यायची, स्वतःच्या टेपनं खोकं बांधायचं, ‘स्पॉन्सर्ड’च्या नावाखाली एका विक्रेत्याच्या नावाच्या शोधावर दुसऱ्याचा माल वर आणण्याचे पैसे घ्यायचे, आणि वाद झाला की आपण फक्त तार जोडून देणारे आहोत असं म्हणायचं, या दोन भूमिका एकत्र नांदू शकत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेव्हर्ली हिल्स पोलो क्लबच्या चिन्हावरून दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं ॲमेझॉनच्या कंपनीवर सुमारे ३४० कोटींची भरपाई बसवली. जुलैमध्ये खंडपीठानं त्याला स्थगिती दिली. त्या प्रकरणाचं काय व्हायचं ते होवो. इतकं खरं, की अशी लढाई लढायची ऐपत जगभर ब्रँड चालवणाऱ्या कंपनीकडे असते. कुडाळच्या बाईकडे असतो फक्त तक्रारीचा फॉर्म.

आणि तो फॉर्म काय विचारतो? ॲमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीत शिरायचं तर नोंदलेलं किंवा अर्ज दाखल असलेलं चिन्ह लागतं. क्रमांक असेल तर दार उघडतं, नसेल तर नाही. कायद्यात पहिलं स्थान असलेली गोष्ट, म्हणजे आधीचा वापर, तिला या खासगी व्यवस्थेत खिडकीच नाही. इथून प्रकरण उलटं फिरू शकतं आणि ते फार भयंकर आहे. चार वर्षं एखादं नाव चालवणाऱ्या बाईनं नोंदणी केलेली नसते. ते नाव चालतंय हे पाहून दुसराच कुणी अर्ज भरतो, क्रमांक मिळवतो आणि तिच्याच मालाविरुद्ध तक्रार करतो. तिचं पेज उतरतं. कलम ३४ नं जिला अभय दिलं तिलाच क्रमांकाच्या बळावर बाजारातून हाकललं जातं. ती विरोध नोंदवू शकते, कलम ५७ खाली नोंदणी रद्द करायची मागणी करू शकते, अकारण धमकीविरुद्ध कलम १४२ चा आधार घेऊ शकते. ते सगळं होईपर्यंत दिवाळीचा हंगाम निघून गेलेला असतो, आणि घरगुती फराळ-मसाल्याच्या धंद्यात तो हंगाम म्हणजे निम्मं वर्ष.

कॉपीराइटच्या बाबतीत आपल्या कायद्यानं याचा विचार केला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मध्यस्थानं तक्रारीवरून मजकूर रोखला आणि तक्रारदारानं २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो मजकूर पुन्हा खुला करता येतो. तक्रार करणाऱ्यावरही ओझं टाकणारी ही साधी तरतूद. व्यापारचिन्हांच्या बाबतीत अशी मुदत कुठल्याच नियमात नाही. फोटो चोरल्याच्या आरोपाविरुद्ध जे संरक्षण आहे, ते नाव चोरल्याच्या खोट्या आरोपाविरुद्ध का नसावं?

सगळ्यात वजनदार आक्षेप अखेरीस येतो. ‘दोघांपैकी खरा कोण, हे आम्ही कसं ठरवणार? आम्ही न्यायालय आहोत का?’ हा आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर देणं भाग आहे. प्लॅटफॉर्म आजही ठरवतोच आहे. क्रमांक असलेल्याची तक्रार खरी धरून नसलेल्याचं पेज उतरवणं हा निवाडाच आहे, आणि तो देताना दुसरी बाजू ऐकलेली नसते. निवाडा द्यायचाच असेल, तर जो पुरावा हाताशी आहे तो पाहून द्यावा. आणि पुरावा प्लॅटफॉर्मइतका दुसऱ्या कुणाकडेच नाही. पहिलं लिस्टिंग कोणत्या तारखेला झालं, पहिली ऑर्डर कधी गेली, दर महिन्याला किती माल विकला, जाहिरातीवर किती खर्च केला, हे त्याच्या सर्व्हरवर सेकंदासह नोंदलेलं असतं. खाद्यपदार्थ विकणाऱ्याकडून अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक त्यानं खातं उघडतानाच घेतलेला असतो. बँक खातं, पत्ता, करविषयक कागदही. ‘सत्यम इन्फोवे’च्या निकालानं जी मोजपट्टी सांगितली, विक्रीचं प्रमाण आणि जाहिरातीचा व्याप, ती जणू याच सर्व्हरसाठी लिहिलेली आहे. आधी कोण विकत होतं, या प्रश्नाचं उत्तर प्लॅटफॉर्मला काही मिनिटांत काढता येतं. तो ते काढत नाही, कारण तसं करायला कुणी भाग पाडलेलं नाही.

अर्थात, दुकानात किंवा दुसऱ्या संकेतस्थळावर त्याहून आधी नाव वापरणारा तिसराच कुणी असू शकतो. तेव्हा जुनी बिलं, पाकिटं, पावत्या पाहाव्या लागतील आणि गुंता खरोखर सुटत नसेल तर न्यायालयातच जावं लागेल. मान्य. पण ते होईपर्यंत दोन्ही बाजूंना नोटीस, उत्तराला ठरावीक मुदत, आणि तक्रारदाराच्या अर्जाहून जुनं लिस्टिंग असेल तर ते परस्पर न उतरवणं, एवढं करायला न्यायाधीश लागत नाही. ‘असं केलं तर खोटे दावे वाढतील’ ही भीती मला पटत नाही. तारखा सर्व्हरवर आहेत आणि त्या खोट्या करता येत नाहीत. उलट खोटे दावे आज वाढतात, कारण आज क्रमांक हाच पुरावा आहे आणि तो पैसे भरून मिळतो.

ग्राहक संरक्षण कायद्याखाली २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांतला नियम ५ सांगतो, की व्यापारचिन्ह किंवा कॉपीराइट कायद्याखाली ज्यांचा माल आधी काढून टाकावा लागला आणि तरी जे पुन्हा पुन्हा तसाच माल टाकतात, अशा विक्रेत्यांची ओळख पटवणारी नोंद बाजारपेठ चालवणाऱ्यानं ठेवावी. लगेच पुढं परंतुक आहे, की अशा विक्रेत्याला बाहेर काढायची सक्ती मात्र नाही. वाटलं तर काढावं. नोंद ठेवा, पण कारवाई करा वा करू नका. शिवाय विक्रेत्याच्या मुख्यालयाचा आणि शाखांचा पत्ता, ईमेल असा पूर्ण तपशील लेखी मागण्याचा हक्क आहे तो खरेदी केलेल्या ग्राहकाला. ज्याचं नाव चोरलं त्याला चोराचा हा पूर्ण तपशील हवा असेल, तर आपल्याच नावाचा नकली माल त्यानं स्वतः विकत घ्यायचा आणि मग ग्राहक म्हणून अर्ज करायचा, असा मार्ग उरतो. हा नियम लिहिताना छोटा उत्पादक कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हता, हे उघड आहे.

म्हणून मागण्या नेमक्या करायला हव्यात. स्वतःच्या नावानं माल विकणाऱ्याच्या पेजवर त्याच्या संमतीशिवाय दुसरा विक्रेता बसता कामा नये, नोंदणी असो वा नसो. पहिल्या लिस्टिंगची आणि वार्षिक विक्रीची प्रमाणित नोंद विक्रेत्यानं मागताच विनामूल्य मिळावी, न्यायालयात दाखवता येईल अशा स्वरूपात. नावाच्या तक्रारीला कॉपीराइटसारखी २१ दिवसांची चौकट असावी. नाव चोरल्याचं दुसऱ्यांदा सिद्ध झालेल्या विक्रेत्याला बाहेर काढणं ऐच्छिक नसावं आणि त्याचा पूर्ण तपशील तक्रारदाराला मिळावा. बचत गटांना ऑनलाइन बाजारात आणणाऱ्या ‘उमेद’सारख्या अभियानांनी गटांसाठी सामूहिक चिन्हं घ्यावीत, व्यापारचिन्ह कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि एका चिन्हाखाली अनेक गटांना आसरा मिळतो. चिन्ह नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला आहे. तिथले अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेऊ लागले, तर वर्ग कोणता आणि नाव कसलं असावं हे बायकांना अर्ज फेटाळला जाण्याआधी कळेल.

यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. २०२० चे नियम केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याच्या अधिसूचनेनं लागू झाले. नियम ५ मधलं ते परंतुक वगळून त्या जागी नवे पोटनियम घालायलाही अधिसूचनाच पुरेल.